रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप : आधी काय, नंतर काय

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्या, जालन्यातल्या सळईच्या मिल, परळीचं औष्णिक वीज केंद्र, गळीत हंगामातले साखर कारखाने, सरकारी दवाखान्यांचे वॉर्ड, समृद्धीवरचे ट्रक आणि रात्रीच्या लाइटवर पाणी धरणारे शेतकरी. रात्री जागणारा मराठवाडा बराच मोठा आहे. दिवसा झोप येईना झाली की या सगळ्यांचा उपायांचा क्रम मात्र एकच असतो: आधी चहा वाढतो, मग तंबाखू, मग मेडिकलवरून गोळी. खोली, घरची कामं आणि झोपेची वेळ यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, बऱ्याचदा लागतच नाही. इथे क्रम उलटा आहे. पहिल्या दोन पायऱ्या कंटाळवाण्या आहेत म्हणून लोक त्या गाळतात, आणि मग पुढचं काहीच लागू पडत नाही.

उदाहरणांत रात्री ११ ते सकाळी ७ अशी थर्ड शिफ्ट धरली आहे. तुमची वेळ वेगळी असेल तर तास तेवढे पुढे-मागे करा.

## १. आधी १४ दिवसांची वही

"झोप होत नाही" एवढ्यावरून कोणालाच काही ठरवता येत नाही, डॉक्टरलाही नाही. शाळकरी वही घ्या, रोज एक पान. त्यात एवढंच लिहायचं:

- किती वाजता सुटलो, किती वाजता अंथरुणावर पडलो
- अंदाजे किती वाजता झोप लागली
- किती वेळा जाग आली आणि कशाने (ऊन, उकाडा, लेकरं, फोन, लघवी, काहीच कारण नाही)
- किती वाजता उठलो
- संध्याकाळी पुन्हा झोपलो का, किती वेळ
- चहा-कॉफीचा शेवटचा कप, शेवटची तंबाखू किंवा सिगारेट, दारू घेतली असल्यास वेळ
- ड्युटीवर डुलकी कधी आली

सुट्टीचे दिवसही लिहा. शिफ्ट आठवड्याला फिरत असेल तर १४ दिवसांत निदान एक आठवडा नाईटचा आला पाहिजे. वेळ अंदाजानेच लिहायची आहे. त्यासाठी अंथरुणात मोबाइल उघडून घड्याळ बघत बसलात, तर वहीच झोप घालवेल.

मग बेरीज करा. मोठ्या माणसाला २४ तासांत निदान ७ तास झोप लागते. ती दोन तुकड्यांत झाली तरी चालते. सकाळी ८:३० ते १२:३० झोपलात आणि संध्याकाळी दीड तास, म्हणजे साडेपाच तास झाले. रोज दीड तास कमी पडतो, आणि सहा नाइटांत ९ तासांची उधारी होते. एका रविवारच्या झोपेत ती फिटत नाही.

तपासा: वहीत "अंथरुणावर पडलो" आणि "झोप लागली" हे दोन वेगळे आकडे आहेत ना? बहुतेक जण एकच लिहितात. पुढची पायरी याच दोन आकड्यांच्या फरकावर उभी आहे.

## २. त्रास कोणत्या जातीचा, ते ठरवा

झोपेच्या तक्रारी वरवर सारख्याच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे असतात. वही समोर ठेवून खालीलपैकी आपलं काय, ते बघा.

झोपायला वेळच मिळत नाही. अंथरुणावर एकूण सहा तासही जात नाहीत, पण पडल्या पडल्या झोप लागते. शरीराचं काहीच बिघडलेलं नाही. डबल शिफ्ट, ओव्हरटाइम (ओटी), घरकाम, शेत, लेकरांची शाळा यांत वेळ जातोय. अशा माणसाने झोपेची गोळी घेणं म्हणजे ताटात भाकरी नसताना भूक वाढवायचं टॉनिक घेणं. तुमच्यासाठी पायरी ४ सगळ्यात महत्त्वाची.

वेळ आहे, झोप येत नाही. सात तास पडून राहता, पण लागायलाच अर्धा तास किंवा जास्त जातो. नाहीतर तीन-चार तासांनी टक्क जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. रात्रपाळीची ठरलेली तक्रार हीच. शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. सकाळी ऊन चढलं की ते उठायचा निरोप देतं, तुम्ही रात्रभर कितीही राबलेले असा. पायऱ्या ३, ५, ६ आणि ८ तुमच्यासाठी.

सात-आठ तास झोपूनही पेंग जात नाही. इथे शिफ्टला दोष देऊन गप्प बसू नका. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं, उठल्यावर डोकं जड किंवा दुखणारं, तोंड कोरडं, असं असेल तर झोपेतल्या श्वासाचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया, असू शकतो. डॉक्टर यासाठी आठ प्रश्न विचारतात: मोठ्याने घोरता का, दिवसभर थकवा असतो का, झोपेत श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, बीपी आहे का, वजन खूप जास्त आहे का (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर), वय पन्नाशीच्या पुढे आहे का, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड आहे का, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त "हो" आले की तपासणी हवी. पाच किंवा जास्त असतील तर लवकर. मानेचं माप शिंप्याच्या टेपने घरीच घेता येतं.

पाय स्वस्थ बसू देत नाहीत. आडवं पडलं की पोटऱ्यांत मुंग्या, ओढ, पाय हलवल्यावर बरं वाटतं. यामागे बऱ्याचदा शरीरातलं लोह कमी असतं, बायकांमध्ये विशेष. पाय दाबून घेऊन वर्षं काढण्यापेक्षा रक्त तपासा.

एक सोपी परीक्षा: मागे दिवाळीत किंवा लग्नकार्यात आठ-दहा दिवस सुट्टी झाली, रात्री झोपायला मिळालं, तेव्हा झोप कशी होती? चार-पाच दिवसांत सुरळीत झाली असेल तर दोष शिफ्टच्या वेळेचा. सुट्टीतही तसंच राहिलं असेल तर आजार वेगळा आहे, आणि शिफ्ट बदलून तो जाणार नाही. शिफ्टशी जोडलेला त्रास तीन महिने किंवा जास्त चालू राहिला आणि काम-घर दोन्हीवर परिणाम दिसू लागला, तर डॉक्टर त्याला आजार मानतात आणि त्यावर रीतसर उपचार आहेत. "नाईट करतो म्हटल्यावर एवढं चालायचंच" असं म्हणून तो अंगावर काढू नये.

सावधान, या लोकांनी पायरी ३ च्या आधीच डॉक्टर गाठावा: फिट येणारे (जागरणाने फिट येऊ शकते), इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणारे, मानसिक आजाराचे उपचार चालू असलेले, गरोदर बाया, आणि गाडी चालवताना किंवा मशिनवर एकदा जरी डोळा लागलेला माणूस. शुगर-बीपीच्या गोळ्यांच्या वेळा नाईटसाठी आपल्या मनाने फिरवू नका. जेवण चुकलं आणि गोळी घेतली की पहाटे साखर उतरते, आणि तो घाम, ती थरथर लोक झोपेचीच समजतात.

## ३. खोली तयार करा

ही पायरी नाईटचा आठवडा सुरू व्हायच्या आधी, सुट्टीच्या दिवशी उरकायची. सकाळी आठला थकून आल्यावर कोणी पुठ्ठे चिकटवत बसत नाही.

अंधार. खिडकीला आतून खोक्याचा जाड पुठ्ठा किंवा दुहेरी काळं कापड लावा. दाराच्या फटीत जुनी चादर सरकवा. दार लावून तळहात डोळ्यांपुढे धरा. हातावरच्या रेषा दिसल्या तर उजेड अजून जास्त आहे. पुठ्ठा लावणं जमत नसेल तर डोळ्यांवर काळी पट्टी बांधा. तोंडावरून पांघरूण घेऊ नका, उकाड्याने अर्ध्या तासात जाग येते.

आवाज. कंपनीत मिळणारे फोमचे इअरप्लग घरीही उपयोगी पडतात, फक्त जोड नवा वापरा. ग्रीसच्या हाताने घातलेला तोच कानात पुन्हा नको. कापसाचे बोळे फारसं काही अडवत नाहीत. पंख्याचा किंवा कूलरचा एकसुरी आवाज मात्र रस्त्यावरचा आवाज झाकतो. मोबाइल "डू नॉट डिस्टर्ब"वर टाकून घरचे दोन-तीन नंबर तेवढे चालू ठेवा. दाराची बेल बंद करायची सोय करा. भंगारवाला, पार्सलवाला आणि वर्गणीवाले नेमके दहा ते बारालाच येतात.

उकाडा. मराठवाड्यात खरी लढाई इथे आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या आसपास असतो आणि बजाजनगर-रांजणगावातल्या, जालन्यातल्या कितीतरी खोल्यांवर पत्रे आहेत. झोप लागायला शरीर थोडं थंड व्हावं लागतं. तापलेल्या पत्र्याखाली ते होत नाही.

- पत्र्याला वरून चुना किंवा पांढरा रंग मारा. वर कडब्याच्या पेंढ्या किंवा ओली पोती टाकली तर आणखी फरक पडतो. पेंढ्या टाकल्या तर वायरी आणि चूल लांब असू द्या.
- कूलर लावताना समोरची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कूलर फक्त दमटपणा वाढवतो, हवा थंड करत नाही. खिडकी काळी केली असेल तर वरची झडप किंवा दाराची फट हवा जायला ठेवा, आणि उजेड अडेल पण हवा जाईल असा पडदा त्यापुढे लावा.
- कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी कोरडी करा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची पैदास घरातच होते.
- खोलीतली हवा चाळिशीच्या पुढे गेली की नुसता पंखा अंगावर गरम झोत मारतो. अशा वेळी ओला पंचा अंगावर घ्या, मगच पंखा लावा.
- दोन खोल्या असतील तर पश्चिमेची आणि वरच्या मजल्यावरची सोडा. खालची, मधली, मातीच्या भिंतीची खोली असेल तर झोपायला तीच.

दिवसा लाइट जाते त्या भागात पंख्यापुरता इन्व्हर्टर हा चैनीचा खर्च धरू नका.

कॉट बेसिसवर चार-सहा जण राहत असाल आणि प्रत्येकाची शिफ्ट वेगळी असेल, तर नाईटवाल्याची कॉट दारापासून सगळ्यात लांब, कोपऱ्यात. आठवड्याला कॉट बदला. कुकरच्या शिट्ट्या सकाळी आठच्या आत किंवा दुपारी दोननंतर. हे सगळं रूममध्ये एकदाच, भांडण होण्याआधी ठरवा.

धोका: उकाड्यात झोपलेला माणूस बरळायला लागला, उलट्या झाल्या, अंग तापून कोरडं पडलं, तर तो "गाढ झोपलाय" असं समजू नका. सावलीत घ्या, अंग ओलं करा, १०८ ला फोन करा.

## ४. घरच्यांशी वेळ ठरवा

सगळ्यात जास्त लोक इथे अडतात, आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं तेही याच गोष्टीवर.

पुरुष नाईट करून आला की घर दबक्या पावलांनी चालतं, निदान पहिले काही दिवस. नाईट करून आलेल्या नर्सताईच्या वाट्याला हे क्वचित येतं. ती साडेआठला घरी येते, डबे करते, लेकरांना शाळेत घालते, धुणं लावते, अकराला पडते आणि दोनला लेकरं परत येतात. वहीत तिची झोप तीन तास दिसते. कागदावर तिला निद्रानाश नाही. तिला झोपायला कोणी देत नाही. तिला गोळी लिहून देणारा डॉक्टर चुकतो, आणि "घरीच तर असते दिवसभर" म्हणणारं घर त्याहून चुकतं.

म्हणून नाईटचा आठवडा लागण्याआधी घरात बसून या गोष्टी ठरवा, मोघम नाही, नावानिशी:

- सकाळी ८:३० ते दुपारी १:३० ही झोपेची वेळ. रात्री दोनला तुम्ही कोणाला उठवलं नसतं, तर सकाळी अकराला तुम्हालाही कोणी उठवायचं नाही.
- डबा कोण करणार, शाळेत कोण सोडणार, गॅस सिलिंडर आणि पाण्याचा टँकर आला तर कोण बघणार.
- कोणत्या कारणासाठी उठवायचं: अपघात, आजारपण, एवढंच. पाहुणे आले हे कारण नाही. मामा आले असले तरी संध्याकाळी भेटतील.
- सासू-सासऱ्यांना वही दाखवा. "दिवसा लोळते" हे वाक्य तीन तासांचा आकडा बघितल्यावर पुन्हा सहसा ऐकू येत नाही.

सकाळचं काम खरंच टळत नसेल तर ते एक तासात संपेल एवढंच ठेवा आणि उरलेली झोप संध्याकाळी ७ ते ९ अशी वेगळी बांधा. तीही वेळ घरात जाहीर असली पाहिजे.

तपासा: वहीतल्या जाग येण्याच्या कारणांत माणसांमुळे आलेली जाग किती वेळा? आठवड्यात तीनपेक्षा जास्त असेल तर पुढच्या पायऱ्यांत वेळ घालवण्याआधी पुन्हा घरात बसा.

## ५. ड्युटीला जाण्याआधी

पहिल्या नाईटची चूक जवळपास सगळे करतात. सकाळी सहा-सातला उठायचं, दिवसभर हिंडायचं आणि रात्री थेट कामावर. सकाळी सुटेपर्यंत सलग २४ तास जागरण होतं. पहिल्या नाईटला दुपारी दीड-दोन तास झोपायचंच, झोप आली नाही तरी अंधारात पडून राहायचं. नंतरच्या नाइटांना निघण्याआधी अर्ध्या तासाची डुलकी पुरते. उठल्यावर अंगातला जडपणा जायला १५ ते ३० मिनिटं लागतात, तेव्हा डुलकीतून उठून लगेच किक मारू नका.

मुख्य जेवण रात्री आठ-साडेआठला घरी करा. ड्युटीवर दीड-दोनच्या सुमाराला हलकं काही: भाकरी-वरण, दही-पोहे, केळं, फुटाणे. कँटीनची भजी आणि तिखटजाळ रस्सा पहाटे तीनला खाल्ला की तो सकाळी नऊला छातीत जळजळ होऊन उठवतो. पाणी ड्युटीभर प्या, रोलिंग मिलच्या भट्टीजवळ असाल तर भरपूर. शेवटच्या तासात मात्र थोडं कमी, म्हणजे झोपेतून लघवीला उठावं लागत नाही.

## ६. ड्युटीवर : चहा, डुलकी आणि तीन ते पाच

चहा बंद करायची गरज नाही, त्याची वेळ बदला. कॅफीनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. सकाळी साडेआठला झोपायचं तर शेवटचा कप रात्री अडीचला. पहाटे पाचला सगळी लाइन मिळून मारलेला "शेवटचा कट" हाच सकाळी नऊला छताकडे बघत ठेवतो. एनर्जी ड्रिंकच्या डब्याला हाच नियम. तंबाखूला तर याहून कडक: निकोटीन उत्तेजक आहे. लोक तंबाखू झोप उडवायला मळतात आणि सवयीने घरी अंथरुणावर पडतानाही दाढेखाली ठेवतात.

पहाटे तीन ते पाच हा सगळ्यात वाईट काळ. शरीराचं तापमान याच सुमाराला तळाला जातं, नजर आणि हात दोन्ही मंदावतात. जमेल तिथे कामाची मांडणी त्याप्रमाणे करा: बारीक मोजमाप, औषधांची मात्रा काढणं, नोंदी ही डोक्याची कामं तीनच्या आत; तीननंतर हिंडायची, उभ्याने करायची कामं. पॉवर प्रेसवर, कटिंगवर, क्रेनखाली असाल तर शेजारच्याशी ठरवा की दर अर्ध्या तासाला एकमेकांना हाक मारायची. वॉर्डात इंजेक्शनची मात्रा दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घ्या. कोणी हसलं तर हसू द्या.

कंपनीत परवानगी असेल तर ब्रेकमध्ये १५-२० मिनिटांची डुलकी हा चहापेक्षा चांगला उपाय आहे. गजर लावा, अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ नका, आणि उठल्यावर १५ मिनिटं मशिनला हात लावू नका. डुलकीची जागा विश्रांतीची खोलीच. मशिनमागे, ट्रकखाली किंवा बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) ढिगाच्या आडोशाला झोपणं जिवावर बेततं.

डबल शिफ्टबद्दल स्पष्टच सांगतो: ओटीच्या पैशाची गरज मला मान्य आहे, पण नाईटला जोडून फर्स्ट (सकाळची शिफ्ट) मारणाऱ्याने या लेखातलं बाकी सगळं केलं तरी उपयोग नाही.

## ७. घरी परतताना

सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचा प्रतिसाद रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्याइतका मंदावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुपारी दोनला उठून सकाळी सातला सुटलेला माणूस बरोबर १७ तास जागा असतो. नगर रोडवर, जालना रोडवर सकाळी सात-आठला दुचाक्यांची जी रांग लागते तिच्यात असे किती असतील, याचा विचार करा.

थांबायचं कधी: डोकं एकदा जरी खाली झुकलं, वळण चुकलं, गाडी पांढऱ्या पट्टीवर गेली, किंवा मागचे दोन किलोमीटर कसे गेले हे आठवेना. यातलं एकही घडलं की पेट्रोल पंपावर किंवा टपरीवर गाडी लावा आणि २० मिनिटं झोपा. तोंडावर पाणी मारणं, गाणी मोठ्याने लावणं, काच खाली करणं यांनी पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, झोप थांबत नाही. समृद्धीसारख्या सरळ, एकसुरी रस्त्यावर तर डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपलेला असू शकतो.

कंपनीची बस असेल तर दुचाकी घरी ठेवा. बसमधली डुलकी २० मिनिटांच्या आत ठेवा, नाहीतर घरी आल्यावर झोप हटलेली असते.

बसने किंवा कोणाच्या मागे बसून येत असाल तर ऊन पडल्यावर काळा गॉगल आणि टोपी घाला. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की शरीराचं घड्याळ "उठा" म्हणतं. स्वतः चालवत असाल आणि डोळे जड असतील तर गडद गॉगल नको.

## ८. अंथरुणात

सुटल्यापासून दीड तासाच्या आत पडलेलं बरं. चौकात गप्पा, भाजी, बँक, मोबाइलवर क्रिकेटच्या क्लिप, यांत साडेदहा वाजले की शरीराची झोपेची लाट निघून जाते. हलका नाश्ता, कोमट पाण्याने अंघोळ, अंधार, पंखा. बस.

उन्हाळ्यात "आधी कामं उरकू, दुपारी दोनला झोपू" हा बेत टाळा. दोन ते पाच हाच सगळ्यात तापलेला वेळ, आणि पत्र्याखाली तो वाया जातो. डिसेंबर-जानेवारीत मात्र काही जणांना दुपार ते संध्याकाळची सलग झोप जास्त मानवते. वहीत दोन्ही पद्धती आठवडाभर करून बघा.

वीस मिनिटांत (अंदाजाने) झोप आली नाही तर उठा. अंधुक उजेडात खुर्चीवर बसा, जांभई आली की परत पडा. तळमळत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे तळमळ अशी शरीराला सवय लागते. मोबाइल दुसऱ्या खोलीत.

दारू नको. सकाळी क्वार्टर मारून झोपणारे सांगतात की लगेच झोप लागते, आणि ते खरंही आहे. पण दोन-तीन तासांनी तीच दारू झोप तोडते, घोरणं वाढवते आणि अ‍ॅप्निया असेल तर श्वास आणखी अडवते. झोपेच्या गोळीवर दारू घेणं तर थेट जिवाशी खेळ आहे.

## ९. सुट्टी, शिफ्ट बदल, आणि शेतकऱ्यांचा वेगळा प्रश्न

कायम नाईट असेल तर सुट्टीला पूर्ण दिवसाच्या वेळापत्रकावर उडी मारू नका. सुट्टीच्या रात्री दोन-तीनपर्यंत जागे राहा आणि सकाळी दहा-अकरापर्यंत झोपा. कामाच्या आणि सुट्टीच्या झोपेतले निदान दोन-तीन तास सामाईक राहिले की घड्याळाला दर आठवड्याला नव्याने शिकावं लागत नाही. शेवटची नाईट संपवून दिवसाच्या शिफ्टला जायचं असेल तर उलट करा: सकाळी तीन-चार तासच झोपा, उन्हात जा, रात्री दहाला पडा.

फिरती शिफ्ट कशी फिरते हेही महत्त्वाचं आहे. फर्स्ट, सेकंड, थर्ड असा पुढे जाणारा क्रम शरीराला झेपतो. थर्ड, सेकंड, फर्स्ट हा उलटा क्रम जड जातो. युनियनने किंवा लाइनच्या लोकांनी मिळून मागणी करावी अशी ही गोष्ट आहे, आणि मॅनेजमेंटला यात खर्च फारसा नाही.

शेतकऱ्याचं तसं नाही. त्याची शिफ्ट फीडरचं, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीचं, वेळापत्रक ठरवतं. रात्रीच्या लाइटचा आठवडा कळला की संध्याकाळी सात ते दहा झोपून घ्या, मग मोटार चालू करायला जा. ओल्या रानात, अर्धवट झोपेत स्टार्टरला हात लावू नका. पायात बूट, हातात बॅटरी आणि शक्यतो सोबत कोणीतरी. सकाळी थेट औत धरण्याआधी निदान चार तास पाठ टेकवा. दूध काढायचं काम त्या आठवड्यापुरतं घरातल्या दुसऱ्या कोणाकडे गेलं तर फार मोठा फरक पडतो.

## १०. डॉक्टरकडे जाताना

पायऱ्या ३ ते ९ तीन-चार आठवडे मन लावून केल्या आणि तरी सुधारणा नाही, किंवा पायरी २ मधली धोक्याची लक्षणं आहेत, तर जा. बरोबर न्यायचं:

- झोपेची वही
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, मेडिकलवरून आणलेल्यासुद्धा
- झोपेत घोरताना किंवा श्वास अडकताना घरच्यांनी काढलेला दोन मिनिटांचा मोबाइल व्हिडिओ
- शिफ्टचं महिन्याचं वेळापत्रक

डॉक्टर पेंगेचा अंदाज घ्यायला आठ प्रसंग विचारतील: वाचताना, टीव्ही बघताना, सभेत बसल्यावर, तासाभराच्या प्रवासात, दुपारी आडवं पडल्यावर, कोणाशी बोलताना, जेवणानंतर, सिग्नलला गाडी थांबल्यावर. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २४. दहाच्या वर गेलं की पेंग नेहमीपेक्षा जास्त धरतात. खरं सांगा, नोकरी जाईल म्हणून कमी सांगितलं तर उपचारही कमीच मिळतो. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन, थायरॉइड आणि शुगर या तपासण्यांबद्दल विचारा.

ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल तर तिथून सुरुवात करा. नाहीतर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर किंवा अंबाजोगाईचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. घोरण्यासाठी कान-नाक-घसा किंवा छातीच्या आजारांचा विभाग, झोप येत नसेल तर मानसोपचार विभाग. मानसोपचार म्हटलं की लोक बिचकतात. पण निद्रानाशावर गोळीआधी वापरायची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धत तिथेच मिळते. मन फारच खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर मराठीतही चालतो.

गोळ्यांबद्दल. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायच्या नसतात आणि मागून घ्यायच्याही नसतात. सवय लागते, मात्रा वाढते, आणि ड्युटीवर अंमल उरतो. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या गोळ्या झोपेसाठी खाणाऱ्यांचीही रात्री मशिनवर हीच गत होते. अल्प्राझोलामसारखी गोळी रोज घेत असाल तर ती एकदम बंदही करू नका, त्रास उलटतो. डॉक्टरच्या सांगण्याने हळूहळू कमी करा. मेलाटोनिन (शरीराच्या घड्याळाला रात्रीचा निरोप देणारं संप्रेरक) काहींना उपयोगी पडतं, पण ते किती आणि विशेषतः किती वाजता घ्यायचं हे डॉक्टरने ठरवावं. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ भलत्या दिशेला सरकतं.

अ‍ॅप्नियाची शंका असेल तर झोपेची चाचणी सांगतील. ती बहुतेक ठिकाणी रात्री होते. तुम्ही दिवसा झोपता हे नाव नोंदवतानाच सांगा, म्हणजे तारीख नाईटच्या आठवड्यात येणार नाही. निदान झालं आणि श्वासाचं सीपॅप मशिन दिलं, तर ते फक्त रात्री वापरायचं असतं असा गैरसमज करून घेऊ नका. दिवसाच्या प्रत्येक झोपेत, संध्याकाळच्या डुलकीतही ते लावायचं. गावात दुपारी लाइट जात असेल तर मशिन घेण्याआधीच त्याच्या बॅटरीची चौकशी करा.